मंगलाबाईंचा बोका आणि गिरणीचं दार

सातपूरच्या कामगार कॉलनीत मंगलाबाईंचं घर शोधायचं असेल तर नंबर विचारून फायदा नाही. बोक्याचं घर म्हणा, भाजीची गाडी ढकलणारासुद्धा मान वळवून दाखवेल. आणि आत जाऊन बघाल तर मांजराच्या मिशीचा एक केससुद्धा सापडणार नाही. खऱ्या मांजराने मंगलाबाईंना शिंका येतात. त्यांचा बोका कॉम्प्युटरमधला. लाल बंडी घातलेला, शेपूट वर करून कौलांवरून पळणारा, विहिरींवरून उड्या मारणारा, आणि गेली वीसेक वर्षं एकाच दारापाशी जाऊन मरणारा.

गोष्ट त्या दाराची आहे, पण दारापर्यंत जायला आधी उंबरा ओलांडावा लागतो.

मंगलाबाई नांदगावकडच्या. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा शेळ्या शाळेच्या बाजूला चरायला गेल्या तर. लग्न होऊन सातपूरला आल्या तेव्हा मिक्सरचं बटण दाबायला त्यांनी शेजारच्या सरुबाईंना बोलावलं होतं. सरुबाई पेठकडच्या डोंगरातल्या, त्यांनी तरी मिक्सर कुठे बघितला होता? दोघींनी डोळे मिटून, एकमेकींचा हात धरून बटण दाबलं. झाकण लावायचं राहिलं होतं. ती हिरवी चटणी छताला बरीच वर्षं होती, आणि मैत्रीही तेव्हापासूनची.

नवरा धनराजभाऊ, कंपनीत टर्नर. माणूस सोन्यासारखा, पण खोड एक: कुठलंही यंत्र भंगारात निघालेलं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो. पंखा म्हणू नका, पंप म्हणू नका, सगळी अनाथ लेकरं त्यांच्याच दारात. कंपनीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने बाहेर निघाले, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी एक घरी आणला. मोटरसायकलवर. कॉम्प्युटरचा डबा पुढे टाकीवर, आणि पडद्याचं ते भलंमोठं खोकं मागे मंगलाबाईंच्या मांडीवर, धूळ लागू नये म्हणून शालीत गुंडाळून. त्र्यंबक रोडने येताना बायका थांबून थांबून बघत होत्या. बाळंतीण आणि मोटरसायकलवर! काय तो नवरा म्हणायचा!

कॉम्प्युटर आणला मुलाच्या, हर्षलच्या अभ्यासाला. अभ्यास त्याने केला तेवढाच जेवढा तो कॉम्प्युटर नसता तरी करणार होता. मात्र कुणा मित्राकडून त्याने एक सीडी आणली, आणि तिच्यातून निघाला बोका.

आता हा बोका मुळात कॉम्प्युटरचा नव्हे. तो परदेशातला, टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा. कुणीतरी तो तिथून उचलून कॉम्प्युटरमध्ये ओतला होता. पातेल्यातलं कालवण डब्यात ओतताना थोडं सांडतंच, पण या ओतणाऱ्याचा हात फारच थरथरत असावा. मूळ गेममध्ये गाणं होतं, ते सांडलं. समुद्रावर लाटा होत्या, त्या सांडल्या. उरली एक निळी सतरंजी. बोका उडी मारताना म्याव करायचा, त्याच्या जागी "टक" एवढाच आवाज राहिला, लाकडावर बोट वाजवावं तसा. पण मूळ पातेलं कॉलनीत कुणी बघितलं होतं? सगळ्यांना वाटायचं, बोका असाच असतो. मुका, निळ्या सतरंजीवरून टक टक करत जाणारा.

हर्षल काही दिवसांत कंटाळला आणि क्रिकेट खेळायला पळाला. मंगलाबाई मात्र एका दुपारी धूळ पुसता पुसता कीबोर्डच्या लांब बटणाला हात लावून बसल्या. बोक्याने उडी मारली. "अगं बया," म्हणाल्या त्या, "माझं ऐकतो!" घरात तोवर त्यांचं ऐकणारं असं कुणी नव्हतं. झालं, तिथून त्या उठल्याच नाहीत.

सुरुवातीला बोका जरा रेंगाळत चालायचा. मग धनराजभाऊंना कुठल्याशा दुसऱ्या कॉम्प्युटरमधला जास्त ताकदीचा मेंदू मिळाला, तो त्यांनी रविवारी बसून आपल्या डब्यात बसवला. सोमवारपासून बोका असा काही पळायला लागला की विचारू नका. मंगलाबाईंना आनंद झाला. "बघा, तब्येत सुधारली त्याची," त्या म्हणाल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवूखाऊ घातलं की अंगात जोर येतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

हळूहळू शेजारणी जमायला लागल्या. सरुबाई तर होत्याच, पलीकडच्या फुलाबाई आल्या, आणखी दोघीचौघी. सगळ्यांची दुपारची कामं तशीच पडायला लागली, तेव्हा मंगलाबाईंनी नियम काढला: बोका मेला की उठायचं, आणि पुढचा डाव येईपर्यंत तांदूळ निवडायला बसायचं. जिच्या घरचे तांदूळ असतील ते मधोमध ताटात. या नियमाने कॉलनीचं फार भलं झालं. फुलाबाई पहिल्याच विहिरीत पडायच्या, त्यामुळे त्यांच्या हातून इतकं धान्य निवडून गेलं की त्या आळीत कुणाच्या दाताखाली खडा म्हणून आला नाही.

तर ते दार. बोका सगळी कौलं, विहिरी, समुद्र पार करून शेवटी एका गिरणीत शिरतो. तिथे दातेरी चाकं फिरत असतात. चाकांच्या पलीकडे खोल खड्डा, आणि खड्ड्यापलीकडे एक निळं दार. तिथवर मंगलाबाईच काय त्या पोचायच्या. पण त्या खड्ड्यावर काहीतरी काळं फडफडत असायचं. वटवाघूळ, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्या वटवाघळाला चुकवून उडी मारायची तर बोका दारापर्यंत पुरायचाच नाही. पडायचा खड्ड्यात. मग मंगलाबाई उठायच्या, तांदूळ निवडायच्या.

दारामागे काय असेल यावर कॉलनीत जितकी चर्चा झाली तितकी निवडणुकीवरही झाली नसेल. फुलाबाई म्हणायच्या, दुधाचा टँकर. धनराजभाऊ म्हणायचे, दुसरी गिरणी. सरुबाई ताटातला खडा उचलून खिडकीबाहेर टाकत म्हणायच्या, "काय असनार? भिंत असंल."

दर दिवाळीला साफसफाई निघाली की हर्षल म्हणायचा, आई, हा डबा आता काढू या. मंगलाबाईंचं उत्तर ठरलेलं: "दार उघडलं की कोपरा सोडीन. तोवर हात लावायचा नाय कुणी." दार उघडायचं नाही, डबा हलायचा नाही. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि मग घरात सून आली.

तेजस्विनी मनमाडची. वडील रेल्वेत, बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. पोरगी हसरी, कामाला चटपटीत, पण नवी. सासूला "आई" म्हणताना अजून किंचित अडखळायची. तिचं ऑफिसचं काम घरूनच. घर म्हणाल तर बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. बिचारी पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून बसायची. मागे दोरीवर सासऱ्यांचे बनियन. साहेबांशी बोलताना एका हाताने पडदा ओढायची. संध्याकाळी उठताना कंबर धरून "आई गं" म्हणायची, तेव्हा मंगलाबाईंना वाटायचं मलाच हाक मारली, आणि त्या आतून येऊन विचारायच्या, "काय गं?" तेजस्विनी म्हणायची, "काही नाही."

काही नाही कसं? मंगलाबाईंना डोळे होते. टेबल टाकायला घरात जागा एकच, आणि त्या जागेवर बोका बसलेला.

हर्षलने शेवटी सुताराला टेबल सांगून टाकलं. सोमवारी येणार. आईला त्याने हे जेवताना, आमटीत बघत सांगितलं. मंगलाबाईंनी त्याला आणखी एक भाकरी वाढली. पोरीला टेबल हवं, हे त्यांना त्याच्याआधी कळलं होतं. पण वीस वर्षं दारापर्यंत नेऊन आता बोक्याला दाराबाहेरच सोडायचं? आणि शब्द दिलेला, तो काय नुसता वाऱ्यावर?

त्यात तेजस्विनीने एक घोळ केला. मनाने चांगलाच, पण घोळ. शुक्रवारी ती एक चपटं यंत्र आणि त्याचा रिमोट घेऊन सासूपुढे आली, टीव्हीला जोडलं आणि म्हणाली, "आई, डोळे मिटा. आता उघडा."

पडद्यावर बोका! पण काय तो बोका! बंडीला जरीची किनार, मिशी वाऱ्यावर हलतेय, समुद्राला लाटा, आभाळात पक्षी. आणि उडी मारली की चक्क म्याव.

"नव्याने काढलीय कंपनीने," तेजस्विनी म्हणाली. "जुनीच गेम, पण सगळी धुऊनपुसून. मी लहानपणी मूळची खेळायचे ना, टीव्हीवरची, बाबांनी आणलेली. हर्षल म्हणाला तुम्हाला पण आवडते, म्हणून म्हटलं... म्हणजे मग जुना कॉम्प्युटर नसला तरी..."

वाक्य तिथेच लोंबकळत राहिलं.

मंगलाबाई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हंजे माझ्या बोक्याला सवत आणली तू."

"तसं नाही, आई..."

"सवतच ती. नटून आलीय. पण माझ्या घरात अशी न बघता घेणार नाय मी कुणाला. रविवारी दुपारी बघण्याचा कार्यक्रम करू. चार बाया बोलावते. दोघांना समोरासमोर बसवू. काय पोहे व्हायचेत ते होऊ दे."

तेजस्विनीला हसावं की घाबरावं कळेना. ती आत जाऊन हर्षलला म्हणाली, "तुझ्या आई रागावल्यात का?" हर्षल म्हणाला, "पोहे म्हणाली ना? मग नाही."

रविवारी दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरुबाई नवं लुगडं नेसून आल्या. फुलाबाईंनी घरून पाच किलो तांदूळ आणले, म्हणाल्या, बरीच मरणं होतील आज. धनराजभाऊंनी खरंच पोहे केले, वर खोबरं आणि द्राक्षं. पोह्यांवर द्राक्षं कुणी घालत नाही, पण पाहुण्यांपुढे काहीतरी वेगळं हवं असं त्यांना वाटलं.

एका बाजूला कोपऱ्यात जुना डबा घरघरत, दुसऱ्या बाजूला टीव्हीवर नवा बोका गाणं म्हणत. सरुबाईंनी नवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलीला विचारावं तशा आवाजात विचारलं, "येतं काय काय हिला?"

"गाणं येतं," तेजस्विनी म्हणाली. "रंग छान आहेत. मेलं तर तिथूनच पुढे चालू होतं, पहिल्यापासून यावं लागत नाही."

"मंजे कष्टाची सवय न्हाई," सरुबाईंनी निकाल दिला.

"आणि खोड काय आहे?" फुलाबाईंनी विचारलं. "खरं सांगायचं हां, नंतर कळायला नको."

तेजस्विनी थोडी घुटमळली आणि मग बोलायला लागली तर थांबेचना. "खरं सांगू? मला पण सगळी नाही आवडली. आमच्या मनमाडच्या गेममध्ये संध्याकाळ व्हायची. सगळं नारिंगी, उदास. बाबा आणि मी तिथे आलो की आवाज बंद करून बसायचो, बाहेर खरी गाडी जायची तिचा आवाज यायचा. यांनी ती संध्याकाळ इतकी चकचकीत केलीय की दुपार वाटते. आणि गाणं तेच म्हणतात, पण ते ते नाही."

मंगलाबाईंनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं. पोरगी सवतीची बाजू घेऊन आली नव्हती तर. तिचाही एक बोका मनमाडला राहिला होता.

"आण तो रिमोट," मंगलाबाई म्हणाल्या.

सगळ्या सरसावून बसल्या. कॉलनीची राणी खेळणार! मंगलाबाईंनी पदर खोचला, बटण धरलं, बोका पळाला, पहिली विहीर आली आणि... बोका विहिरीच्या कितीतरी अलीकडे उडी मारून, जमिनीवर उतरून, चालत चालत विहिरीत पडला.

सगळ्या एकमेकींकडे अशा बघायला लागल्या जशा लग्नात मंगळसूत्र सापडेना झाल्यावर बघतात.

"परत," मंगलाबाई म्हणाल्या. परत विहीर. आणखी एकदा परत. परत विहीर. फुलाबाईंना तर विश्वासच बसेना. इतकी वर्षं ती विहीर त्यांच्या एकटीच्या मालकीची होती.

"याला झालंय काय?" मंगलाबाई ओरडल्या. "हा झोपेत चालतोय! मी उडी मारते तेव्हा हा अजून चप्पल घालतोय!"

"नियम म्हणजे नियम," म्हणत फुलाबाईंनी प्रेमाने ताट पुढे सरकवलं. मंगलाबाई तांदूळ निवडायला बसल्या. कान लाल झाले होते.

"आता सूनबाई, तू जुनी खेळ," सरुबाई म्हणाल्या.

तेजस्विनी कोपऱ्यात बसली. लांब बटण मधोमध अंगठ्याने झिजून खोलगट झालेलं. तिने बोका सोडला मात्र... "अय्यो!" ती बोट ठेवायच्या आत बोका कौलावरून, खांबावरून, थेट पाण्यात. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ती नुसतीच किंचाळली आणि बोका आपल्या आपण मेला. तोवर तिच्यापुढे तांदळाचा ढीग. पण ती तांदूळ निवडायचे सोडून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई, हा... हा पळतोय! हा नीट नाहीये! मूळ गेम इतकी जोरात नसते कधीच! तुम्ही इतकी वर्षं ही अशी खेळलात?"

"अशी म्हंजे कशी? तब्येतीने बरा आहे तो."

"दुप्पट जोरात पळतोय तो! जुन्या गेम असतात ना, कॉम्प्युटरच्या मेंदूवर चालतात. मेंदू जोरात तर गेम जोरात. कुणी बदलला का याचा मेंदू?"

सगळ्यांच्या माना हळूहळू धनराजभाऊंकडे वळल्या. ते पोह्यांवरची द्राक्षं सारखी करत होते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "त्याला बरं वाटेल."

पुढची काही मिनिटं काय झालं ते सांगता यायचं नाही. फुलाबाई भिंतीला टेकून हुंदके देत हसत होत्या. इतकी वर्षं आपण विहिरीत पडलो तो आपला दोष नव्हता, हे कळल्यावर माणसाचं काय होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर बघायला हवं होतं. सरुबाई धनराजभाऊंना म्हणत होत्या, "तरी म्हनलं, मांजर हाय का उडतं इमान!" आणि मंगलाबाई? त्या ताटापुढून उठल्या होत्या.

"म्हंजे हिला सावकाश घ्यायचं," त्या नव्या बोक्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "एवढंच ना? आण इकडे."

सुरुवातीला त्यांना जड गेलं. बटण दाबायच्या आधी त्या मोठ्याने म्हणायच्या, "थांब... थांब बाई... जाऊ दे त्याला... हां आता." पण हात बसला आणि मग काय विचारता! दोन विहिरींच्या मध्ये इतका वेळ की त्या एक घास पोहे खायच्या. समुद्रावर त्यांनी तेजस्विनीला लाटा मोजायला लावल्या. एका कौलावर बोक्याला उभा करून आभाळच बघत बसल्या. "पक्षी होते व्हय इथं? मला वाटायचं, पडदा खराब हाय."

असं करत करत बोका गिरणीत शिरला. चाकं फिरत होती, पण एकेक दाता स्वच्छ दिसत होता. शेवटचं चाक आलं. पुढे खड्डा, पलीकडे निळं दार. आणि खड्ड्यावर ते वटवाघूळ.

मंगलाबाईंनी बोका थांबवला. चष्मा वर केला, खाली केला.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही तर फळी हाय."

आणि होतीच. दोन दोऱ्यांना टांगलेली एक काळी फळी, झोपाळ्यासारखी मागे-पुढे हलणारी. तिच्यावर पाय ठेवूनच पलीकडे जायचं होतं. दुप्पट जोरात ती नुसती फडफडायची, आणि इतकी वर्षं अख्खी कॉलनी तिला चुकवत होती.

"पायरीला घाबरत होतो होय आपण," फुलाबाई हळूच म्हणाल्या.

"मारा उडी, आई!" तेजस्विनी गुडघ्यांवर उभी राहिली. "दार समोर आहे! मारा!"

मंगलाबाईंनी रिमोट तिच्या हातात दिला. "नाय. माझ्या घरचं दार आधी. वीस वर्षं ज्याला पाडलं, त्याला आधी आत घेते. मग ही नटवी." आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

आता खोलीतली हवाच बदलली. सगळ्यांना ठाऊक होतं, आज दार उघडलं तर उद्या टेबल कोपऱ्यात आणि डबा बाहेर. नाही उघडलं तर शब्दाप्रमाणे डबा तिथेच, आणि पोरीची कंबर तशीच. तेजस्विनी सगळ्यात पुढे बसली होती, आणि गंमत अशी की ती "उघडो" म्हणत होती ते टेबलासाठी नव्हे. टेबल ती विसरूनच गेली होती.

पहिला डाव: फळी हुकली, तांदूळ. दुसरा: चाकात, तांदूळ. फळी माहीत असून काय उपयोग, ती दिसायला तर हवी! पुढे तांदूळच संपले, धनराजभाऊंनी स्वयंपाकघरातून डाळ आणली.

"कवा येती फळी अलीकडं, ते डोळ्यानं न्हाई कळनार," सरुबाई एकाएकी म्हणाल्या. "कानानं घे." त्या टीव्हीजवळ सरकल्या, नव्या गेममधली फळी थोडा वेळ निरखली, आणि मुठीने उलट्या ताटावर ठेका धरला. "हुं... हुं... हुं..." माहेरी डोंगरात दोघी बाया एकाच उखळात भात कांडायच्या. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, ठेका चुकला की मुसळावर मुसळ. "हा झाला त्या नवीचा. आता तुझ्या पळपुट्याचा याच्या दुप्पट." आणि त्यांनी ताट असं बडवायला घेतलं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मंगलाबाईंनी डोळे बारीक केले. विहिरी गेल्या. सतरंजी गेली. गिरणी आली. हुं हुं हुं हुं. सगळ्या बाया माना हलवत होत्या, फुलाबाई डाळीच्या डब्यावर ठेका धरत होत्या, धनराजभाऊ झारा घेऊन कढईवर. पहिलं चाक. दुसरं चाक. शेवटचं.

टक.

बोका त्या फडफडणाऱ्या काळ्यावर पडला आणि मेला नाही!

टक.

दार उघडलं.

आणि सगळा पडदा काळा झाला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची एक इंग्रजी ओळ उमटली. बाकी काही नाही. गाणं नाही, चित्र नाही. डबा घरघरत होता.

"काय लिहिलंय?" मंगलाबाईंनी विचारलं.

तेजस्विनी पुढे वाकली. "अभिनंदन," तिने वाचलं. "बाहेर पडण्यासाठी कोणतंही बटण दाबा."

"आणि?"

"आणि... एवढंच. मूळ गेममध्ये शेवटी मोठी फिल्म आहे, आई. कॉम्प्युटरमध्ये आणताना त्यांनी काढून टाकली असेल. जागा वाचवायला."

वीस वर्षांचं दार, आणि मागे काळोख! मग सरुबाईंनी ताट खाली ठेवलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या,

"म्हनलं व्हतं ना. भिंत."

आधी मंगलाबाईंचे खांदे हलले. तेजस्विनीला वाटलं रडतायत, ती घाबरून जवळ गेली, तर मंगलाबाईंनी तिलाच धरलं आणि तिच्या गळ्यात पडून त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीवरून घसरल्या, सून खाली, सासू वर, डाळ खोलीभर. "दुधाचा टँकर म्हणे!" त्या म्हणत होत्या, आणि पुन्हा नव्याने हसत होत्या. कॉलनीतली पोरंटोरं दारात जमली. बोक्याच्या घरात एवढा गलका, बोका व्याला की काय?

मग सगळ्यांनी मिळून नवीचं दार उघडायला घेतलं. सरुबाईंच्या ठेक्यावर, या वेळी सावकाश. मंगलाबाईंनी रिमोटवर सुनेचा हात घेतला, वर आपला ठेवला. म्याव. फळी. म्याव. दार.

आत दिवे लागले होते. लांब पंगत मांडलेली, ताटांत मासे, आणि बोक्याचं सगळं गणगोत जेवायला खोळंबलेलं. एका टोकाला चष्मा लावलेली म्हातारी मांजर पाय आपटत म्हणत होती... तेजस्विनीने खालची इंग्रजी ओळ वाचली: "किती उशीर केलास!"

"केला खरा," मंगलाबाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांनी पदराने डोळे पुसले. "वाट बघत होती की गं ही सगळी. आणि मी आपली वटवाघळाला घाबरून." मग नाक ओढून म्हणाल्या, "सांगते आता माझं मत. बघायला नवी. खेळायला माझी. आणि संध्याकाळ मनमाडची. ती एकदा दाखव मला, तुझ्या बाबांची गेम अजून असंल तर."

"आहे, आई. मनमाडला, बाबांच्या माळ्यावर आहे." या वेळी "आई" कुठेच अडखळलं नाही.

सोमवारी सुतार टेबल घेऊन आला. मंगलाबाईंनी आपल्या हाताने कोपरा रिकामा केला, झाडला, पुसला. शब्द म्हणजे शब्द. हर्षल उत्साहाने डबा उचलून दाराकडे निघाला, तर मागून आवाज आला, "कुठं निघालास?"

"भंगारवाल्याकडे. दार उघडलं ना."

"कोपरा सोडीन म्हटलं होतं मी. घर सोडीन असं कुणी म्हटलं?"

स्वयंपाकघरात धनराजभाऊंचं एक कपाट होतं, स्क्रू, पाने, पंपांचे सुटे भाग, सगळी अनाथ लेकरं त्यात. ते कपाट दुपारपर्यंत गॅलरीत गेलं, आणि त्याच्या जागी बोका बसला. कपाट ढकललं धनराजभाऊंनीच. नाही म्हणायला त्यांच्याकडे तोंडच उरलं नव्हतं. भरपाई म्हणून एकदा म्हणाले, "मंगला, जुना मेंदू ठेवलाय मी जपून. परत बसवू का? सावकाश चालेल."

"खबरदार हात लावाल तर! इतकी वर्षं पळवलाय त्याला, आता चालायला लावता?"

तेजस्विनीचं टेबल कोपऱ्यात छान बसलं. मागे कोरी भिंत, पाठ ताठ. साहेबांशी बोलताना आतून अधूनमधून आवाज येतो: टक, टक, टक. मग "अरारारा!" आणि लगेच ताटात तांदूळ ओतल्याचा सळसळाट.

"तेजस्विनी, तुमच्याकडे काही चालू आहे का?" साहेब विचारतात.

"काही नाही, सर," ती म्हणते. "आमचा बोका पडला."